मुळं धरेनात

बाबांनी आमच्यात खोट काढली त्या दिवशी आमच्या घरात आनंदीआनंद झाला. हे वाक्य कुणाला चमत्कारिक वाटेल, पण मग त्याला आमचे बाबा माहीत नाहीत. बाबा बँकेत तपासनीस होते. न कळवता एखाद्या शाखेत जाऊन थडकायचं, कपाटं उघडायला लावायची आणि निघताना तिथल्या मॅनेजरचं तोंड पडलेलं असेल याची व्यवस्था करायची, हे काम त्यांनी जन्मभर निष्ठेने केलं. निवृत्त झाल्यावर शाखा हातच्या गेल्या, म्हणून त्यांनी घर तपासायला घेतलं. गॅसचं बटण, दाराची कडी, माझ्या शर्टाची कॉलर, हिच्या चहाचा रंग, सगळ्यावर त्यांचा शेरा तयार असायचा. आई त्यावरून त्यांच्याशी रोज मन लावून भांडायची. मग आई गेली आणि बाबांनी तपासणीच बंद केली. अळणी जेवण निमूट जेवले. मी मुद्दाम दोन रंगांचे मोजे घालून त्यांच्यासमोर येरझारा घातल्या, तर त्यांनी मान वर केली नाही. घरात चुका काढणारं माणूस गप्प झालं की चुका करण्यातही राम राहत नाही.

दिवसभर ते खुर्ची टाकून माशांच्या टाकीसमोर बसत. ही टाकी माझ्या मेहुण्याने बदलीवर जाताना आमच्या गळ्यात मारलेली. तिच्यात एक धिप्पाड नारिंगी गोल्डफिश होता, ज्याला आम्ही थोरला म्हणायचो, काही किरकोळ धाकटे मासे होते आणि प्लास्टिकची झाडं होती. एका रविवारी सकाळी, कुणी काही विचारलेलं नसताना, बाबा म्हणाले, "ही झाडं खोटी आहेत."

ही स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊन धावत आली. "काय म्हणाले? बाबा, परत म्हणा ना!"

बाबा परत म्हणाले नाहीत. पण आम्हाला तेवढं पुरलं. त्यांनी खोट काढली होती! मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "खोटी आहेत ना? मग खरी लावू." विनाशकाली माणसाला अशी सोपी वाक्यं सुचतात.

माशांच्या दुकानाचा मालक हा मी पाहिलेला सर्वांत आशावादी माणूस. मी विचारलं, "नवशिक्याच्या हातून ही झाडं जगतील का?" तो म्हणाला, "जगतील की." मी विचारलं, "गोल्डफिश खाणार नाही ना?" तो म्हणाला, "खाल्ली तरी उरतील की." माती घालायची का, खत लागतं का, उजेड किती, या सगळ्यांवर त्याचं उत्तर तयार होतं आणि ते एकच होतं. मी एक गवतासारखं, एक रुंद पानाचं आणि एक पिसासारखं मऊ, अशी झाडं घेतली. घरी आल्यावर हिने पिशवीत डोकावून विचारलं, "हे निवडायचं आहे की नुसतं चिरायचं?"

आता खरं तर झाडं वाळूत खोचायची आणि गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पण पिशवी घेऊन जिना चढताना मला समोरच्या काकूंनी पाहिलं होतं. काकूंच्या बाल्कनीत इतकी झाडं आहेत की त्यांचा नवरा कित्येकांना केवळ आवाजाने माहीत आहे. त्या म्हणाल्या, "पाण्यातलं असो नाहीतर कुंडीतलं, झाड म्हटलं की माती आलीच. तुम्हाला काही कळत नाही. थांबा." आणि पिशवीभर माती माझ्या हातात दिली. काकूंना नाही म्हणण्याची आमच्या मजल्यावर पद्धत नाही. मी ती माती पाण्याने भरलेल्या टाकीत ओतली.

माती आधी घालतात आणि पाणी नंतर, हे मला आता माहीत आहे. त्या वेळी टाकीतल्या पाण्याचा क्षणात दूध घातलेला चहा झाला. मासे आत आहेत हे केवळ अनुमानाने सांगता येत होतं. अधूनमधून थोरल्याचं तोंड काचेला लागायचं, माझ्याकडे बघायचं आणि पुन्हा अंधारात जायचं. पाणी काढायला मी रबरी नळी तोंडात धरून ओढली आणि काकूंच्या मातीची चव घेतली. तीत पालापाचोळ्याचं खत मुबलक होतं. गढूळ पाणी बादल्या भरभरून मी बाल्कनीच्या मोरीत ओतलं. ते खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर गेलं, हे मला नंतर काकूंनी सांगितलं. खालच्या मजल्यावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राहतात.

पण एक गोष्ट झाली. मी कोपरापर्यंत चिखलात असताना बाबांनी आपली खुर्ची जराशी पुढे ओढली. झाडं लावून झाल्यावर ते बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी चष्मा मागितला. संध्याकाळी कप खाली ठेवत म्हणाले, "चहा पाणचट झालाय."

हिचे डोळे भरून आले. "झाला ना?" ती म्हणाली. "फारच पाणचट झालाय, बाबा!" आणि आत जाऊन तिने नवा चहा टाकला, तोही पाणचटच.

त्या दिवसापासून ती झाडं म्हणजे आमच्या घराचा कणा झाली. ती जगली तर बाबा जगतील, असं मी मनाशी धरलं. आणि झाडांनी मरायला घेतलं.

सोमवारी ऑफिसातून आलो, तर सगळी झाडं वर तरंगत होती. बसून पुन्हा खोचली. मंगळवारी पुन्हा वर. मी ती जास्त खोल खोचली, तर बुधवारी ती वर होतीच, शिवाय त्यांच्या बुंध्याशी बोटांनी दाबल्यासारखं झालं होतं. वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर जिन्यात भेटले की कुठल्याही विषयावर उभ्या उभ्या व्याख्यान देतात. ते म्हणाले, "गोल्डफिश उकरतो. त्याचा तो स्वभावच आहे. मुळं धरायला स्थैर्य लागतं." म्हणून मी थोरल्याला निलंबित केलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याने न्हाणीघरातल्या बादलीत राहायचं असं ठरलं. त्यावर हिने अंघोळीला जायचं नाकारलं. "अहो, तो एकटक बघतो," ती म्हणाली. मी बादलीवर ताट झाकलं. थोरल्याने उडी मारून ताट पाडलं आणि पहाटेपहाटे सगळं घर जागं केलं.

आणि थोरला बादलीत असतानाही झाडं वर आलीच. बिचाऱ्यावर आळ आला होता. मी त्याला सन्मानाने पुन्हा कामावर रुजू करून घेतलं, तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी पिसासारखं झाड देठापर्यंत खाल्लं. निलंबनाचा माणसावर परिणाम होतो, माशावर का होणार नाही!

मग प्रोफेसरांच्याच सांगण्यावरून मी एकेक झाड दोऱ्याने दगडाला बांधलं. चांगल्या निरगाठी मारल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाडं वर तरंगत होती आणि दोरा नीट गुंडाळून टाकीच्या कडेला ठेवलेला होता. माझा संशय हिच्यावर गेला. हिला वाटलं, मीच रागाने सोडला असेन. पण दोघंही बोललो नाही. लग्न टिकवण्याचा हा अनुभवसिद्ध मार्ग आहे. बाबांना विचारलं, "दिवसभर तुम्ही इथेच असता, काही दिसलं का?" बाबा टाकीकडे बघत म्हणाले, "प्रगती समाधानकारक नाही."

ते बोलू लागले होते. रोज एखादा तरी शेरा मारत होते. कडी नीट लागत नाही, पंखा आवाज करतो, तू वाकून चालतोस. एकेका शेऱ्याने आमच्या घरात जीव येत होता आणि टाकीतली पानं पिवळी पडून, पारदर्शक होऊन विरघळत होती. मला धडकी भरली. झाडं गेली तर हे माणूस पुन्हा गप्प होईल, आणि या वेळी कायमचं! म्हणून मी चोरून नवी झाडं आणू लागलो. डब्याच्या पिशवीत लपवून आणायची, बाबा तोंड धुवायला गेले की जुनी काढून नवी खोचायची. आयुष्यात मी दुसरं कुठलंही व्यसन केलेलं नाही, पण करणाऱ्याची कशी तारांबळ उडत असेल याची मला आता कल्पना आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावर जो बसतो त्याला ऑफिसात विश्वकोश म्हणतात. त्याने माझी डब्याची पिशवी ठिबकताना पाहिली आणि सगळं काढून घेतलं. "उजेड देताय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही." "मग झाड खाणार काय, तुमचा पगार?" म्हणून मी टाकीवर ट्यूबलाइट लावली आणि ती अखंड चालू ठेवली. थोड्याच दिवसांत पाणी हिरवं झालं आणि झाडं पिवळी. खरं तर उलट व्हायला हवं होतं. काचेवर शेवाळाचा थर आला, नव्या झाडांबरोबर आलेल्या बारीक गोगलगाई त्यावर चरू लागल्या, आणि बघता बघता त्यांचं खानदान वाढलं. आमच्या घरात कष्टाशिवाय भरभराटीला आलेली ती एकच गोष्ट. विश्वकोशाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "गॅस कमी पडतोय." मग त्याने कागदावर आकृती काढून दिली. बाटलीत साखर, कोमट पाणी आणि यीस्ट घालायचं, झाकणातून नळी काढून टाकीत सोडायची, की बुडबुडे जातात आणि झाडं तरारतात. मी तेही केलं. बाटली टाकीमागे ठेवली. ती घुर्रघुर्र आवाज करायची आणि घराला पावाच्या भट्टीसारखा वास यायचा.

याच सुमारास सेक्रेटरींची नोटीस आली. तीत चादरींचा उल्लेख नव्हता. माणूस फार मुत्सद्दी. विषय होता, 'सदनिकेत विनापरवाना जलसाठा'. मी खाली गेलो, तर सेक्रेटरी म्हणाले, "तक्रार माझी नाही, नियमाची आहे. वजन स्लॅबला झेपतं असा इंजिनियरचा दाखला आणा." इंजिनियरकडे गेलो, तर तो म्हणाला, "सोसायटीचं पत्र असल्याशिवाय मी दाखला देत नाही." पत्र मागायला परत सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, "दाखला बघितल्याशिवाय पत्र कसं देणार?" असे मी काही दिवस दोघांच्या मध्ये चेंडूसारखा फिरलो. शेवटी दोघांनी मिळून दुपारी पाहणीला यायचं ठरवलं, आणि पटलं नाही तर टाकी त्याच दिवशी रिकामी करायची असंही ठरवलं. माझं मत कुणी विचारलं नाही.

अर्ध्या दिवसाची रजा मागायला साहेबांकडे गेलो.

"कारण?"

"घरी टाकीची पाहणी आहे."

"पाण्याच्या?"

"माशांच्या, सर. म्हणजे झाडांच्या. झाडं मुळं धरत नाहीत."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि आजारी माणसाला द्यावी तशी रजा दिली. बाहेर पडताना त्यांनी शिपायाला हळूच विचारलेलं मला ऐकू आलं, "यांच्या घरी सगळं ठीक आहे ना?"

ही बाहेर गेली होती, म्हणून मी किल्लीने दार उघडलं. आणि उंबऱ्यातच थिजलो.

बाबा टाकीपाशी उभे होते. उजवी बाही कोपराच्या वर दुमडलेली, हात पाण्यात, खांद्यावर टॉवेल, दुसऱ्या हातात फूटपट्टी. त्यांनी रुंद पानाचं झाड मुळासकट उपटून बाहेर काढलं, उजेडात धरलं, उलटं करून बुंधा पाहिला, पट्टी लावली आणि म्हणाले, "काल इथे एक मूळ होतं. आज कुठे गेलं?" झाड गप्प राहिलं. "हं. सहकार्य नाही." मग त्यांनी ते पुन्हा जेमतेम खोचलं आणि गवताच्या जुडीला हात घातला. "तुमचं काय?"

ते गुणगुणत होते. आई होती तेव्हा दाढी करताना गुणगुणायचे, तसं.

म्हणजे रोज दुपारी हे चाललं होतं! मी निरगाठी मारायच्या आणि यांनी सोडायच्या, वर दोरा वाया जाऊ नये म्हणून गुंडाळून ठेवायचा. मी थोरल्याला बादलीत टाकलं, बायकोवर संशय घेतला, विश्वकोशापुढे मान खाली घातली, आणि झाडं मरत होती ती तपासणीने. कुठलं झाड रोज उपटून विचारल्यावर मूळ धरेल? माझ्या संतापाला पारावार राहिला नाही. तोंड उघडलंसुद्धा. पण बाबांनी तेवढ्यात गवताचं एक पातं बोटांनी निरखलं आणि असे काही समाधानाने मान हलवून "बेजबाबदारपणा!" म्हणाले, की मी उघडलेलं तोंड मिटलं. मी आवाज न करता दार ओढून घेतलं, जिन्यात जाऊन बसलो आणि डोकं भिंतीला टेकलं. काकू कचरा टाकायला आल्या. मला तसं बघून म्हणाल्या, "गेली का झाडं?" मी म्हटलं, "गेली." त्या म्हणाल्या, "मातीत काही दोष नव्हता हं."

थोड्या वेळाने मी बेल वाजवली. बाबांनी दार उघडलं. बाही खाली ओढलेली, पण ओली. "लवकर आलास?" ते भिंतीकडे बघत म्हणाले. मी म्हटलं, "हो, पाहणी आहे." त्यांच्या हाताकडे मी बघितलं नाही.

सेक्रेटरी आणि इंजिनियर आले. इंजिनियर वाकून टाकीखालची फरशी ठोकू लागला. सेक्रेटरींनी हिरव्या पाण्याकडे बघून नाकाला रुमाल लावला. "हे घरात ठेवायचं असतं का? मला तर सरळ सरळ धोका दिसतोय," असं म्हणत ते टाकीमागे डोकावले, आणि तेवढ्यात विश्वकोशाची बाटली फुटली. झाकण छताला जाऊन लागलं. आंबलेला फेस सेक्रेटरींच्या डोक्यावरून चष्म्यावर, चष्म्यावरून शर्टावर आला. इंजिनियर जमिनीवर आडवा झाला, कारण त्याला वाटलं स्लॅब गेला. मी माझ्या शर्टाच्या बाहीने सेक्रेटरींना पुसू लागलो आणि त्यांनी माझा हात झिडकारला.

"बस्स!" ते ओरडले. "आजच्या आज टाकी खाली करा! नियम म्हणजे नियम!"

"कुठला नियम?" असा आवाज आला.

बाबा खुर्चीतून उठले होते. हात मागे बांधलेले. हा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "नियम कुठल्या सभेत झाला? सूचक कोण, अनुमोदक कोण? गणसंख्या होती का?"

"आजोबा, तुम्ही बसा..." सेक्रेटरी फेस पुसत म्हणाले.

"मी बसेन. तुम्ही उत्तर द्या. घरातल्या एवढ्याशा टाकीला वजनाचा दाखला लागतो. मग गच्चीवर सगळ्या इमारतीच्या पाण्याची टाकी आहे, तिचा दाखला दाखवा."

सेक्रेटरींनी इंजिनियरकडे पाहिलं. इंजिनियर कपडे झटकत उठला आणि म्हणाला, "खरंच, तो तर मीही कधी पाहिलेला नाही. कुठे आहे?" सेक्रेटरी म्हणाले, शोधावा लागेल. "शोधा," बाबा म्हणाले. "उद्या सकाळी मी गच्चीवर येतो. न कळवता येणार होतो, पण तुमचं वय बघून कळवतोय." सेक्रेटरी जिना उतरताना मॅनेजर लोकांचं तोंड कसं पडत असेल ते मला पहिल्यांदा कळलं.

टाकी राहिली. माझी अब्रू मात्र राहिली नाही. इमारतीत, ऑफिसात आणि दुकानात मी 'झाडं मारणारा' म्हणून प्रसिद्ध आहे. काकू मला आता कुंडीला हात लावू देत नाहीत. विश्वकोशाने माझ्यावर वेळ घालवणं सोडलंय. दर आठवड्याला नवी झाडं घ्यायला गेलो की दुकानदार काळजीने विचारतो, "साहेब, घरी तुम्ही त्यांचं नेमकं करता काय?" आणि मी सांगतो, "काळजी घेतो." खरं काय ते मी हिलाही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती हसेल आणि बाबांना कळेल.

परवा रविवारी मी नवं झाड लावत होतो. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"तिरकं लावतोयस."

"हो, बाबा."

"किती आणलीस, एक तरी जगलं? एक सांगू? तुझ्या हाताला गुण नाही. गुण तुझ्या आईच्या हाताला होता. वाळकी काडी खोचायची, तर तिला पालवी फुटायची." आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून तिच्याबद्दल एक शब्द निघाला नव्हता. त्यांनी बाहीने टाकीची काच पुसली. मग म्हणाले, "तू नुसता ढ."

"खरं आहे, बाबा," मी म्हटलं, आणि ते झाड वाळूत जरा सैलच खोचलं. उद्या दुपारी उपटताना त्यांना त्रास नको.